पेशव्यांच्या पुण्यातला स्कॉटिश चित्रकार: जेम्स वेल्सची चित्रं पाहायला कशी शिकावी

सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांचे चेहरे डोळ्यांसमोर आणा. जे दिसतं त्यात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचा वाटा फार मोठा आहे. १७९१ मध्ये तो मुंबईत उतरला, पुढच्या वर्षी पुण्यात आला, या तिघांना त्यानं तैलरंगात रंगवलं आणि १७९५ च्या अखेरीस ठाण्याला वारला. कॅमेरा यायला अजून पन्नास वर्षं होती. त्यामुळं पेशवाईच्या त्या काळाकडं पाहायला आपल्याकडं ज्या थोड्या खिडक्या आहेत, त्यांतली एक वेल्सच्या कुंचल्याची आहे.

ज्यांनी कधी चित्रकलेचा इतिहास वाचलेला नाही, पण ही चित्रं नीट पाहायची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एक जाड वही, फोनपेक्षा मोठा पडदा आणि दोन-तीन मोकळे रविवार एवढं पुरतं. मराठी वाचता येणं ही तुमची सर्वांत मोठी शिदोरी आहे, ती कशी ते पुढं येईल.

आधी सालं पाठ करा

हे काम कंटाळवाणं वाटेल, पण टाळू नका. वहीच्या पहिल्या पानावर उभी रेघ ओढा. डावीकडं चित्रकाराची सालं, उजवीकडं पुण्याची.

डावीकडं लिहा: १७४७, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर पीटरहेड इथं जन्म. शिक्षण अ‍ॅबर्डीनला. चित्रकला बहुतेक स्वतःच्या हिमतीवर शिकला. १७८३ च्या सुमारास लंडन. १७८८ आणि १७८९ मध्ये रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात चित्रं. जुलै १७९१, मुंबई. १७९२, पुणे. १७९५, मृत्यू.

उजवीकडं: १७७४, सवाई माधवरावांचा पुरंदरावर जन्म. १७८६, चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा वकील म्हणून पुण्यात. १७९०, टिपूविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम यांचा तह. जून १७९२, महादजी उत्तरेतून पुण्यात. फेब्रुवारी १७९४, वानवडीला महादजींचा मृत्यू. ऑक्टोबर १७९५, सवाई माधवरावांचा मृत्यू.

आता दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवून पाहा. महादजींना समोर बसवून रंगवायला वेल्सला जेमतेम दीड-पावणेदोन वर्षं मिळाली, हे लगेच लक्षात येतं. १७९० च्या तहाच्या वेळी वेल्सनं हिंदुस्थानात पाऊलही ठेवलेलं नव्हतं, हेही कळतं. ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुढं फार कामाला येणार आहे.

इतिहासचित्र आणि व्यक्तिचित्र यांतला फरक समजून घ्या

अठराव्या शतकातल्या युरोपात चित्रांनाही जातीसारखी उतरंड होती. सर्वांत वर इतिहासचित्र. त्यात पुराणकथा, बायबल, लढाया, तह असे अनेक माणसांचे आणि एखाद्या मोठ्या क्षणाचे प्रसंग येत. त्याखाली व्यक्तिचित्र, आणि निसर्गदृश्य त्याच्याही खाली. मान इतिहासचित्राला होता, पण भाकरी व्यक्तिचित्रावर चालायची. श्रीमंत माणूस स्वतःचा चेहरा रंगवून घ्यायला पैसे देतो, रोमन सेनापतीचा कशाला देईल?

लंडनमध्ये व्यक्तिचित्रकारांची दाटी झाली होती. त्यामुळं कंपनीची परवानगी मिळवून हिंदुस्थानात नशीब काढायला अनेक चित्रकार आले. वेल्स त्यांतलाच एक. फरक एवढाच, की कलकत्ता किंवा लखनौऐवजी तो आपल्याकडं आला.

एकच चित्र, अर्धा तास

सुरुवात लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडं असलेल्या मोठ्या तैलचित्रानं करा: सवाई माधवराव पेशवे, जवळ नाना फडणवीस, मागं सेवक. साल १७९२. ते इंटरनेटवर सहज सापडतं. उघडा आणि घड्याळ लावून अर्धा तास त्याच्यासमोर बसा. माहितीची पाटी झाकून ठेवा.

पहिली दहा मिनिटं फक्त चेहऱ्यांना द्या. पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे, नाना पन्नास. रंगवणारा स्वतः पंचेचाळिशीचा. हे तीन आकडे मनात धरून चित्र पाहिलं की ते वेगळंच दिसायला लागतं. वडिलांच्या खुनानंतर जन्मलेला, चाळीस दिवसांचा असताना पेशवाईची वस्त्रं मिळालेला मुलगा आणि त्याच्या नावानं राज्य चालवणारा कारभारी एका चौकटीत आहेत. गादी एकाची आणि सत्ता दुसऱ्याची, हे चित्रकाराला ठाऊक होतं. दोघांमधलं अंतर, माना कोणत्या बाजूला वळल्या आहेत, नजर कुठं आहे, हे स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. बरोबर की चूक याची काळजी आत्ता करू नका.

पुढची दहा मिनिटं उजेडाला. खिडकी कोणत्या बाजूला असावी? नाकाची सावली कुठं पडते? वेल्स चेहरा पाऊण वळवून, एका बाजूनं उजेड घेऊन रंगवतो. आपल्याकडच्या जुन्या चित्रांत बहुतेक वेळा चेहरा एकचश्मी असतो, म्हणजे एकच डोळा दिसेल असा बाजूनं काढलेला, आणि त्यावर सावली नसते. वाईजवळ मेणवलीला नानांच्या वाड्यात भिंतीवरची चित्रं आहेत, ती कधी पाहिली असतील तर आठवा. एकाच काळात, एकाच माणसाच्या आसपास या दोन रीती नांदत होत्या. यांत कोण श्रेष्ठ हा प्रश्न माझ्या मते निरुपयोगी आहे. माणूस म्हणजे काय दाखवायचं, याबद्दलच दोघांचं म्हणणं वेगळं होतं.

शेवटची दहा मिनिटं कापडाला आणि दागिन्यांना. इथं मराठी वाचकाचा हात कुणी धरू शकत नाही. परदेशी सूचीकार डोक्यावरच्या सगळ्याला एकच शब्द लावतात. तुम्हाला पगडी, पागोटं, मंदील, फेटा हे वेगवेगळे दिसतात. पेशवाई पगडी आणि शिंदेशाही पगडी यांतला फरक तुम्ही लग्नात आणि नाटकात पाहिलेला असतो. चित्रात जे जे ओळखता येईल त्याची मराठी नावं लिहा. शिरपेच आहे का? तुरा आहे का? कानात भिकबाळी आहे की चौकडा? गळ्यात मोत्यांचा कंठा किती पदरी? अंगावर जामा आहे की अंगरखा, खांद्यावर शेला आहे की शाल? पाठीशी लोड, बाजूला तक्क्या? सेवकाच्या हातात मोर्चेल की चवरी? घरात आजी असतील तर त्यांना शेजारी बसवा. माझ्या वहीतले अर्धे शब्द असेच माझ्या मावशीकडून आले आहेत, आणि छापील सूचीत त्यांतला एकही नाही.

अर्धा तास झाला की पाटी उघडा आणि ताडून पाहा.

दरबाराचं चित्र: इथं घाई करू नका

ज्यानं हे एक चित्र समजून घेतलं, त्याला अठराव्या शतकातलं इतिहासचित्र कसं 'जुळवलं' जातं ते कळलं असं मी म्हणेन.

लंडनच्या टेट संग्रहालयात एक भलंमोठं चित्र आहे. १७९० चा तह, शनिवारवाड्यातला दरबार, गादीवर सवाई माधवराव, समोर मॅलेट आणि इंग्रज मंडळी, सभोवती सरदार-मुत्सद्द्यांची गर्दी. चित्रकाराचं नाव मात्र जेम्स वेल्स नाही, थॉमस डॅनियल आहे, आणि साल १८०५.

असं का? मॅलेटला आपल्या राजकीय कारकिर्दीतला हा क्षण रंगवून हवा होता आणि ते काम त्यानं वेल्सकडं सोपवलं. वेल्सनं एकेका सरदाराचा चेहरा, पोशाख, दरबाराची जागा यांचे अभ्यास जमवायला घेतले. सरदार येत, बसत, तो रेखाटून घेई. हे साहित्य साठत असतानाच १७९५ मध्ये तो वारला. मॅलेट ती रेखाटनं घेऊन इंग्लंडला परतला आणि १७९९ मध्ये वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी त्यानं लग्न केलं. वेल्सच्या साहित्यावरून अखेर थॉमस डॅनियलनं लंडनमध्ये हे चित्र पुरं केलं. १८०७ मध्ये चार्ल्स टर्नरनं त्याचा मेझोटिंट पद्धतीचा, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर छटा कोरून केलेला, छाप काढला आणि दरबार घराघरांत गेला.

आता पहिल्या पानावरची सालं काढा. १७९० च्या दरबारात वेल्स नव्हता. थॉमस डॅनियलही नव्हता. तो आणि त्याचा पुतण्या विल्यम १७९३ मध्ये मुंबईकडं आले, तेव्हा वेल्सशी त्यांची गाठ पडली. म्हणजे ज्यानं चेहरे टिपले त्यानं प्रसंग पाहिला नाही, आणि ज्यानं चित्र पुरं केलं त्यानंही नाही. चेहरे खरे, प्रसंग खरा, पण ते दोन्ही एका क्षणी एका जागी कुणी डोळ्यांनी पाहून रंगवलेले नाहीत.

यावरून चित्र खोटं ठरवू नका. नवशिके इथंच घसरतात: एक तर सगळं छायाचित्रासारखं खरं मानतात, नाहीतर 'इंग्रजांनी रचलेलं' म्हणून बाजूला टाकतात. मी असं सुचवतो की वहीत तीन रकाने करा. पहिल्यात प्रत्यक्ष पाहून काढल्याची शक्यता असलेल्या गोष्टी: चेहरे, पगड्या, खांब, कमानी. दुसऱ्यात ऐकून घेतलेल्या: कोण कुठं बसलं, कागद कुणी कुणाला दिला. तिसऱ्यात चित्रकाराच्या शिस्तीतून आलेल्या: गर्दीची मांडणी, उजेड कुणावर पडतो, नजर कुठं नेली आहे. १७९० मध्ये महादजी पुण्यात नव्हते, हे तुम्हाला आता ठाऊक आहे. त्यामुळं चित्रातल्या एखाद्या चेहऱ्याकडं बोट दाखवून कुणी 'हे महादजी' म्हटलं, तर तो चेहरा कोणत्या रकान्यात जाईल आणि प्रसंगातली हजेरी कोणत्या, हे तुमचं तुम्हालाच सांगता येईल.

आणि इंग्रज मंडळी कशी बसली आहेत ते जरूर पाहा. दरबारात खुर्ची नाही. ज्यांना मांडी घालायची सवय नाही, त्यांनी पायांचं काय केलं असेल आणि चित्रकारानं ते कसं दाखवलं आहे, यावर दहा मिनिटं घालवा. मानपानाचा सगळा झगडा तिथं दिसतो.

वाड्यात जा

मग एखाद्या सकाळी शनिवारवाड्यात जा. १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या, त्यामुळं दरबाराचा महाल शोधू नका. जोती आणि कारंजी उरली आहेत. दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना मात्र लाकडी बांधणीचा अजून उभा आहे. दगडी पायऱ्यांनी वर चढा. एका खांबासमोर उभे राहा. तळाशी फुगीर, पानांच्या पाकळ्यांतून उगवल्यासारखा, वर निमुळता होत गेलेला. याला सुरुदार खांब म्हणतात, सुरूच्या झाडावरून. दोन खांबांच्या मध्ये लाकडी कमान. हात लावू नका, पण जवळून पाहा.

घरी येऊन दरबाराच्या चित्रातले खांब पुन्हा काढा. आता ते सजावट म्हणून दिसणार नाहीत. त्यांची उंची, दोन खांबांतलं अंतर, त्यामधून येणारा उजेड अंगाला लागलेला असतो. पुस्तकं वाचून हे मला दहा वर्षांत उमगलं नव्हतं, नगारखान्यात पंधरा मिनिटांत उमगलं.

संगमावरची इंग्रजांची रेसिडेन्सी, जिथं मॅलेट राहायचा, ती १८१७ च्या खडकीच्या लढाईच्या वेळी जळाली. वानवडीची महादजींची छत्री मात्र पाहता येते. महादजींचं वेल्सनं केलेलं चित्र मोबाइलवर घेऊन तिथं जा. पानिपतावर जायबंदी झालेला, आयुष्यभर लंगडत चाललेला तो माणूस वेल्ससमोर बसला तेव्हा त्याच्या वाट्याला फार दिवस उरले नव्हते.

इंटरनेटवर शोधताना

मराठी नावं रोमन लिपीत आजच्या पद्धतीनं टाकलीत तर निम्मं सापडणार नाही. जुन्या सूच्यांत पुणे 'पूना' आहे, शिंदे 'सिंदिया' आहेत, फडणवीस 'फुरनावीस' आहेत, सवाई माधवराव 'माधू राव नारायण' आहेत. चारही-पाचही रूपं वापरून पाहा.

कोणत्याही चित्राच्या पाटीवर चित्रकाराच्या नावाआधीचा शब्द आधी वाचा. नुसतं नाव असेल तर संग्रहालय ते त्याच्याच हातचं मानतं. 'आफ्टर' असेल तर त्याच्या चित्रावरून दुसऱ्यानं काढलेलं. 'अ‍ॅट्रिब्यूटेड टू' असेल तर अंदाज. मराठी मजकुरात हे तिन्ही सरसकट 'वेल्सचं चित्र' होऊन जातात, आणि मग नक्कल मूळ म्हणून फिरत राहते. मूळ, नक्कल आणि छाप हे वेगळे ठेवा. संग्रहालयाचं नाव आणि नोंदणी क्रमांक वहीत उतरवल्याशिवाय चित्र साठवू नका. सहा महिन्यांनी पाचशे चित्रांच्या ढिगात तो क्रमांकच तुम्हाला वाचवतो.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात वेल्स आणि त्याच्या आसपासच्या लोकांच्या रेखाटनांचा मोठा साठा आहे. तिथली बरीच चित्रं मोठ्या आकारात विनामूल्य उतरवून घेता येतात. एक संपूर्ण रविवार त्याला द्या.

गंगाराम तांबटला विसरू नका

त्या साठ्यात तुम्हाला एक मराठी नाव भेटेल: गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. वेल्सची चित्रं पाहायला आलेल्या प्रत्येकाला मी इथं थांबायला सांगतो, कारण माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा आपल्याला सर्वांत जवळचा माणूस हा आहे.

शनिवारवाड्यात पेशव्यांच्या पाठिंब्यानं चित्रशाळा चालली, वेल्स आणि त्याचा मदतनीस रॉबर्ट मॅबन यांच्याकडं पुण्याचे लोक युरोपीय पद्धतीनं रेखाटायला शिकले, हे खरं आहे. म्हणून गंगारामची ओळख सगळीकडं 'वेल्सचा शिष्य' अशी असते. मीही कित्येक वर्षं तसंच म्हणत आलो. मग पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं त्याचं चित्र पाहत होतो. शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता आणि सवाई माधवरावांना जनावरांचा भारी नाद. चित्रावर महिना आणि साल आहे: नोव्हेंबर १७९०.

वेल्स मुंबईत उतरला जुलै १७९१ मध्ये. म्हणजे गुरू यायच्या आधी आठ महिने शिष्य मॅलेटसाठी गेंडा रंगवून मोकळा झाला होता. वेल्सकडून तो पुढं शिकला असेल, नक्कीच शिकला असेल. पण तो कोरी पाटी घेऊन आलेला नव्हता. त्या दिवशी मी वहीतलं 'शिष्य' खोडून 'चित्रकार' लिहिलं.

तुम्हीही हेच करून पाहा. गंगारामची जनावरं, माणसं आणि लेण्यांची रेखाटनं सालाच्या क्रमानं लावा आणि त्याचा हात कुठं बदलतो ते शोधा. रेघ कुठं ठाम आहे, सावली कुठं यायला लागली, अंतर दाखवताना तो कुठं अडखळला. वेरूळच्या लेण्यांवर मॅलेटनं लिहिलेल्या लेखासाठीही गंगारामनं रेखाटनं केली. कसब्यात तांबट आळी आहे, शनिवारवाड्यापासून चालत जाण्याइतकी. आडनाव धंद्याचं आहे, आणि तांब्यावर ठोके घालणाऱ्यांच्या वस्तीतून जाताना मला हे नाव दर वेळी आठवतं.

वेल्सनं रंगवलेली मॅलेटची बीबी, म्हणजे लग्नाविना त्याच्यासोबत राहणारी हिंदुस्थानी स्त्री, अंबर कौर हिचं चित्रही असंच शोधून पाहा. रेसिडेन्सीच्या कागदपत्रांत अशा बायकांना क्वचितच जागा मिळते, चित्रात तिला चेहरा आहे.

मुंबई, वेरूळ, कान्हेरी

व्यक्तिचित्रं झाली की वेल्सच्या निसर्गदृश्यांकडं या. मुंबई आणि परिसराची बारा दृश्यं त्यानं १७९१-९२ मध्ये टिपली, छापून आली ती त्याच्या मृत्यूनंतर, १८०० मध्ये. मलबार हिलवरून, माझगावच्या बाजूच्या बेलमाँटवरून, शीवच्या किल्ल्यावरून दिसणारी मुंबई त्यात आहे. मुंबईत राहणाऱ्यांनी चित्र घेऊन त्या त्या जागी उभं राहून पाहावं. डोंगरांच्या रेषा जुळतात का ते तपासा, कारण इमारतींनी बाकी सगळं गिळलं आहे. एका दृश्यात समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून घातलेला बांध आहे. हाजी अलीजवळून गाडीनं जाता, तो हॉर्नबी वेलार्ड हाच.

वेरूळची वेल्सची रेखाटनंही त्याच्या हयातीत छापली गेली नाहीत. थॉमस डॅनियलनं १८०३ मध्ये चोवीस छापांचा संच काढला तो त्यांवरूनच. कैलास लेणं पाहायला जाताना त्यातले दोन-तीन छाप सोबत घ्या आणि चित्रकार नेमका कुठं बसला असेल ती जागा शोधा. एखादा खांब जवळ ओढला आहे का, माणसं मुद्दाम लहान काढली आहेत का, हे तिथंच कळतं.

शेवटचा प्रवास साष्टीचा ठेवा. १७९५ मध्ये वेल्स कान्हेरीची लेणी रेखाटत होता. पावसाळ्यानंतरचं ते रान, डास, ताप. ठाण्याला त्याचा मृत्यू झाला, वय अठ्ठेचाळीस. त्याच हंगामात शनिवारवाड्यात सवाई माधवराव वरून पडून गेले, एकविसाव्या वर्षी. चित्रकार आणि ज्याला त्यानं रंगवलं तो पेशवा, दोघंही काही आठवड्यांच्या अंतरानं.

कान्हेरी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे. उद्यान सोमवारी बंद असतं. सकाळी लवकर निघा, तिसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या चैत्यगृहाच्या ओट्यावर बसा, वही काढा आणि समोरचा एकच खांब पेन्सिलीनं काढायला घ्या.